पंधरा टक्के कमी

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण, किरकोळ दुरुस्त्यांसह)



समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत आणि ‘तू नेमकं काय करतेस ते आम्हाला कळेल असं सांग’ अशी अट घातली आहे. अट घालणारा मित्र नववीत माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि काही कळलं नाही की माझ्या पाठीत पेन टोचायचा. आज त्याच्या हातात नुसता चहाचा कप आहे, तेवढ्या धीरावर बोलायला उभी राहिले आहे.

माझा विषय विसरण. पंचवीस वर्षांनी भेटलेल्या माणसांपुढे हा शब्द काढणं जरा धोक्याचं आहे, कारण सकाळपासून नावं विसरण्याचेच प्रकार चालू आहेत. मी म्हणते ते विसरण विज्ञानाच्या पुस्तकातलं. उदबत्ती एका कोपऱ्यात लावली की वास दुसऱ्या कोपऱ्यात जातो, साखर न ढवळताही कधीतरी सगळं पाणी गोड करते, ते. द्रवातले अणुरेणू एकमेकांना ढकलत कसे पसरतात याचा हिशेब मी संगणकावर करते. पुण्यात एका महाविद्यालयात शिकवते आणि उरलेल्या वेळात हे करते. काम एवढंच. पण ते माझ्या मागे कसं लागलं ते सांगायचं तर मला एक जुनी चोरी कबूल करावी लागेल, आणि ज्यांनी ती पकडली ते सर पहिल्या रांगेत बसले आहेत.

त्या आधी या टेबलावरच्या परीक्षानळीकडे बघा. आत चायना ग्रासची घट्ट जेली आहे. सकाळी बरोबर नऊ वाजता मी तिच्यावर पोटॅशियम परमँगनेटचे चार खडे टाकले; विहिरीत टाकतात ते जांभळं औषध. दहा वाजता रंग जिथवर उतरला होता तिथे मी पेनाने खूण केली आहे. नळी तिथेच राहू दे, तिच्याकडे शेवटी येऊ.

आपण नववीत होतो ते सरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. विसरणाचा धडा आला तेव्हा सरांनी चंचुपात्रात पाणी घेऊन त्यात एक खडा टाकला. जांभळे धागे खाली गेले, फिरले, वर आले, आपण ‘वाऽ’ केलं. सर म्हणाले, ‘हे जे दिसलं ना, त्यात विसरण थोडं आणि पाण्यातले प्रवाह जास्त. खरं विसरण बघायचं तर आधी पाण्याला गप्प बसवावं लागेल.’ पुस्तकात हे नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते घरून चायना ग्रास शिजवून घेऊन आले, परीक्षानळ्यांत भरलं, आणि चौघांत एक अशा नळ्या आपल्या हवाली केल्या. घरी न्या, खडा टाका, दर तासाला रंग किती उतरला ते मोजा, प्रयोगवहीत लिहा.

आमच्या गटाची नळी माझ्याकडे आली. त्या दिवशी आमच्या घरी आत्याच्या लग्नाची बोलणी होती. नळी देवळीत ठेवली आणि मी पाहुण्यांना पोहे देत फिरले. रात्री आठवलं तेव्हा सगळे तास निघून गेले होते. मी वही काढली आणि लिहिलं : एक तास, एक सेंटिमीटर; दोन तास, दोन सेंटिमीटर; असं सहापर्यंत. आलेखावर पट्टी ठेवून रेष ओढली. इतका देखणा आलेख मी त्या वर्षात दुसरा काढला नाही.

सरांनी वही बघितली. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘रंगाला रस्ता ठाऊक आहे का गं? इतका सरळ कसा गेला?’ मग म्हणाले, रविवारी आठ वाजता शाळेत ये.

रविवारी शाळेत सर, मी आणि शिपाई मामा. सर वर्तमानपत्र वाचत होते, मी नळी बघत होते. दुपारी सरांच्या घरून डबा आला, त्यातली अर्धी भाकरी मला मिळाली. पहिल्या तासात रंग जेवढा उतरला, त्याच्या दुप्पट उतरायला दोन तास पुरले नाहीत. चार लागले. तिप्पट व्हायला संध्याकाळ झाली, नऊ तास.

का, ते सरांनी वहीत लिहून दिलं नाही. खिशातून एक नाणं काढलं आणि मला व्हरांड्यात उभं केलं. आपल्या व्हरांड्यातल्या शहाबादी फरशा आठवतात ना, एकीला एक लागून? छापा पडला की एक फरशी उजवीकडे, काटा पडला की एक डावीकडे. सोळा वेळा नाणं उडव आणि मूळ जागेपासून किती लांब गेलीस ते सांग. कधी मी होते तिथेच परत यायची, कधी दोन फरशा लांब, कधी सहा. असं वीस वेळा करायला लावलं. प्रत्येक वेळच्या अंतराचा वर्ग करायचा आणि त्या वर्गांची सरासरी काढायची. ती सोळाच्या जवळपास आली. म्हणजे सोळा पावलं टाकून माणूस साधारण चार फरशाच लांब पोचतो, आणि दुप्पट लांब जायचं तर चौपट पावलं टाकायला हवीत. माझ्या आयुष्यातलं पहिलं सिम्युलेशन हे. त्याचा संगणक म्हणजे मी आणि एक नाणं.

आइन्स्टाइनने १९०५ साली हाच नियम रीतसर मांडला : वाट न ठरवता फिरणाऱ्या कणाच्या अंतराच्या वर्गाची सरासरी काळाच्या प्रमाणात वाढते. किती वेगाने वाढते ते सांगणारा आकडा म्हणजे विसरणांक. पाण्याचा घेऊ, म्हणजे अंदाज येईल. या खोलीच्या तापमानाला पाण्याच्या रेणूचा वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या वर असतो. बंदुकीच्या गोळीच्या पंगतीतला वेग. आणि तोच रेणू, ज्यात प्रवाह अजिबात नाही अशा पाण्यात, अख्ख्या दिवसात आपल्या जागेपासून साधारण साडेतीन सेंटिमीटर सरकतो. एक मीटर सरकायला दोन वर्षांहून जास्त. विहिरीतलं औषध बादलीने का ढवळावं लागतं ते यावरून कळेल. नुसत्या विसरणावर सोडलं तर तळाला पोचायला पिढ्या जातील.

इतका धावणारा रेणू जातो कुठे? कुठेच नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी आपल्या एसटी स्टँडवर गाडी लागल्यावर काय होतं ते आठवा. तुम्हाला पुढे जायचं असतं. तुम्ही पुढच्यावर आदळता आणि मागे येता. मागचा तुम्हाला पुन्हा पुढे लोटतो. भोवतीच्या दहा-बारा जणांच्या कोंडाळ्यात तुम्ही हेलकावे खात राहता, आणि ते कोंडाळं सैल झालं की थोडं सरकता. द्रवातला अणू असाच शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यात असतो. वायूमध्ये हा पिंजरा नसतो, घन पदार्थात तो सुटत नाही. द्रवाची अडचण अशी की त्यात दोन्हीचं थोडं थोडं आहे, म्हणून कागदावर त्याचं गणित सुटायला फार अवघड.

इथे संगणक आला. युक्ती सोपी आहे. काही अणू घ्या. प्रत्येकाला बाकीचे किती ओढतात आणि किती ढकलतात ते काढा. त्यावरून न्यूटनच्या नियमाने प्रत्येकाला इवलंसं सरकवा. पुन्हा ओढ काढा, पुन्हा सरकवा. आर्गॉनसारख्या साध्या द्रवात हे इवलंसं पाऊल एका सेकंदाचे शंभर लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढं असतं. अशी हजारो पावलं टाकायची. अणू एका चौकोनी पेटीत आहेत असं धरायचं, आणि पेटीला भिंती ठेवायच्या नाहीत : उजवीकडून बाहेर गेलेला अणू डावीकडून आत येतो. भिंत ठेवली तर निम्मेशिम्मे अणू भिंतीशीच गुंतून राहतील आणि द्रव राहील बाजूला.

कठीण गोट्यांसारख्या अणूंवर अशी गणितं अमेरिकेत आल्डर आणि वेनराइट यांनी १९५७ च्या सुमारास सुरू केली होती. पण खऱ्या द्रवासारखी ओढ आणि ढकल धरून विसरणांक काढला तो १९६४ साली, अनीसुर रहमान यांनी. हे नाव मला सरांना ऐकवायचं होतं. रहमान यांचा जन्म १९२७ चा, हैदराबादचा. सर, तेव्हा आपला जिल्हा त्याच संस्थानात होता, आणि मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ १९५८ पर्यंत नव्हतं, म्हणून तुमची पदवी उस्मानियाची. तुमच्याच पिढीचा, तुमच्याच मुलखाचा हा माणूस केंब्रिजला शिकला, बेल्जियममध्ये लूव्हां विद्यापीठात डॉक्टरेट केली, आणि १९६० मध्ये शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत गेला. प्रयोगशाळेचं नाव अरगॉन आणि त्यांनी निवडलेला द्रव आर्गॉन, हा निव्वळ योगायोग. माझे विद्यार्थी दरवर्षी यात गोंधळतात. आपली दहावी झाली त्याच वर्षी, १९८७ मध्ये, रहमान वारले. आज अमेरिकन फिजिकल सोसायटी संगणकीय भौतिकशास्त्राचा एक पुरस्कार त्यांच्या नावाने देते.

त्यांनी ८६४ अणू घेतले. अणू आधी स्फटिकासारखे रचून सुरुवात केली की चाराच्या पटीत असे आकडे येतात : बाजूला सहा-सहा खोल्या, खोलीत चार अणू. तापमान ९४.४ केल्व्हिन, म्हणजे शून्याखाली १७९ अंशांच्या आसपास. सीडीसी ३६०० नावाचा खोलीभर संगणक. आपल्या खिशातला मोबाइल आज त्याला सहज मागे टाकेल. विसरणांक आला २.४३, पुढची शून्यं आणि एककं मी सोडून देते. आणि शोधनिबंधाच्या अगदी सुरुवातीच्या सारांशात, जिथे माणूस आपलं चांगलं तेवढं लिहितो, तिथे त्यांनी लिहून टाकलं की हा आकडा प्रयोगातल्या आकड्यापेक्षा पंधरा टक्के कमी आहे.

मी हा निबंध पहिल्यांदा वाचला १९९५ मध्ये, संशोधन सुरू केलं तेव्हा, आणि त्या ‘पंधरा टक्के’वरून सरळ पुढे गेले. मला माझ्या आकड्याची घाई होती.

आता दुसरी चोरी. साल १९९७. कुठल्या संस्थेत ते सांगत नाही. संगणक सगळ्या विभागाला मिळून एक, त्याला रांग. रहमान यांचंच गणित आधी पुन्हा करून दाखवायचं आणि मग मिश्रणांकडे वळायचं असं ठरलं होतं. रांगेत वेळ थोडा मिळायचा, म्हणून मी अणू घेतले १०८ आणि पाऊल घेतलं रहमान यांच्या चौपट. विसरणांक आला २.८५. प्रयोगाशी जवळजवळ बोटावर बोट! रहमान यांना जे जमलं नाही ते मला एकशे आठ अणूंत जमलं होतं. मार्गदर्शक खूष. विभागात भाषण झालं, टाळ्या झाल्या, एका परिषदेसाठी नाव गेलं. घरी फोन केला तर आईने विचारलं, ‘म्हणजे नोकरी लागली का?’

भाषणानंतर चार दिवसांनी मी दुसऱ्याच कामासाठी तापमानाची नोंद उघडली. ९४ वर सुरू झालेलं तापमान हळूहळू चढत गेलं होतं. ज्या शेवटच्या भागातून मी आकडा काढला तिथे ते वीस-बावीस अंशांनी जास्त होतं. पाऊल फार मोठं घेतलं की असं होतं : अणू एकमेकांच्या नको तितके जवळ घुसतात, जोरात फेकले जातात, आणि हिशेबात नसलेली ऊर्जा पेटीत शिरत राहते. माझे अणू वेगाने पसरत होते कारण मी त्यांना नकळत शिजवत होते. उत्तर बरोबर आलं ते चुकीच्या द्रवाचं.

मी अकरा दिवस कुणाला काही बोलले नाही. या अकरा दिवसांबद्दल मी आजवर फार थोड्यांना सांगितलं आहे. मी स्वतःला पटवत होते की आकडा तर जुळतोय, प्रयोगवाल्यांच्या आकड्यातही थोडी चूक असेलच, कोण तापमान बघायला बसलंय. बाराव्या दिवशी सांगितलं. रंगाचा सरळ आलेख आठवला आणि धीर आला असं म्हणता आलं असतं तर छान वाटलं असतं, पण खरं कारण वेगळं आहे. गटातला एक मुलगा माझाच प्रोग्रॅम घेऊन पुढचं काम सुरू करणार होता. तो माझ्या चुकीवर तीन वर्षं बांधणार, हे मला झेपेना.

मार्गदर्शक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, जुळलेलं असताना तू उघडून बघितलंस कशाला? ते चिडून म्हणाले की खरंच विचारत होते हे मला अजून कळलेलं नाही. परिषद गेली. पाऊल लहान करून, तापमान राखून, सगळं पुन्हा करायला साडेचार महिने लागले. आणि आकडा आला २.२. प्रयोगापेक्षा तेवीस टक्के कमी. तेहतीस वर्षांपूर्वीच्या, खोलीभर यंत्रावर काढलेल्या आकड्यापेक्षा माझा प्रामाणिक आकडा वाईट होता, आणि का वाईट आहे ते मला सांगता येत नव्हतं. प्रोग्रॅम तीनदा तपासला. चूक सापडली नाही. प्रबंधात तो तसाच छापला : तेवीस टक्के कमी, कारण समजलेलं नाही. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न त्याच वाक्यावर विचारला, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

याचं उत्तर खरं तर तोवर छापून आलेलं होतं, मी वाचलं नव्हतं इतकंच. पुन्हा एसटी स्टँडवर चला. तुम्ही जोर करून एक पाऊल पुढे टाकलंत की पुढचे बाजूला सरकतात, तेच वळसा घालून तुमच्या मागे येतात आणि तुम्हाला हलकासा रेटा देतात. आल्डर आणि वेनराइट यांनी १९७० मध्ये संगणकातच दाखवलं की सरकणाऱ्या अणूभोवती द्रवाचा असा भोवरा उठतो आणि अणूला त्याचा वेग बराच वेळ विसरू देत नाही. (हे मात्र खरंच विसरणं.) मोठ्या द्रवात हा भोवरा ऐसपैस पसरतो. पण आपली पेटी लहान, आणि तिच्या चहूबाजूंना तिच्याच नकला. भोवरा पसरायला जातो तर त्याची गाठ स्वतःच्याच नकलांशी पडते, त्याचा रेटा अपुरा राहतो, आणि अणू जितका सरकायला हवा तितका सरकत नाही. म्हणजे पेटी लहान घेतली की विसरणांक कमीच येणार, प्रोग्रॅममध्ये एकही चूक नसली तरी. १९९३ मध्ये ड्युनवेग आणि क्रेमर यांनी हे सूत्रात बांधलं, आणि २००४ मध्ये इन-चुल ये आणि गेरहार्ड हमर यांनी पाण्यावर तपासून ते अशा सोप्या रूपात मांडलं की माझ्यासारखीच्याही नजरेस पडलं. तूट पेटीच्या बाजूच्या व्यस्त प्रमाणात असते. बाजू निम्मी, तर तूट दुप्पट.

तो निबंध वाचला त्या रात्री मुलगी झोपल्यावर मी स्वयंपाकघरात बसून हिशेब केला. आर्गॉनची विष्यंदिता पुस्तकातून घेतली. रहमान यांच्या पेटीची बाजू साधारण पस्तीस आँगस्ट्रॉम; तूट आली जवळपास ०.२४. त्यांचे २.४३ झाले २.६७. माझी १०८ अणूंची पेटी बाजूला बरोबर त्यांच्या निम्मी, म्हणून तूट ०.४७. माझे २.२ झाले २.६७. मी पुन्हा बेरीज केली. मग तिसऱ्यांदा, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून, सर शिकवायचे तशी हातचे घेऊन.

प्रयोगाशी अजून सहा-सात टक्क्यांचं अंतर उरतंच. आर्गॉनच्या अणूंची ओढ आपण दोघांदोघांत धरतो, प्रत्यक्षात तिसऱ्याचाही त्यात हात असतो, आणि प्रयोगाचेही आपले काठ असतात. ते अंतर मी पुसलेलं नाही. आता माझे विद्यार्थी पहिल्या वर्षी हेच गणित करतात, आधी १०८ अणू, मग २५६, मग ८६४. आकडा पहिल्याच झटक्यात प्रयोगाशी जुळवून आणणाऱ्या मुलाला मी तापमानाची नोंद दाखवायला सांगते. दोघे जण त्यावरून माझ्यावर रुसले आहेत.

सर, मघाशी तुमच्या पाया पडले तेव्हा तुम्ही विचारलंत, ‘ती सरळ रेषवाली तूच ना?’ या सभागृहातल्या निम्म्या लोकांना माझं नाव आठवत नाही आणि तुम्हाला माझा आलेख आठवतो. तुम्हाला कमी ऐकू येतं असं घरच्यांनी सांगितलं, म्हणून हे भाषण मोठ्या अक्षरात लिहूनही आणलं आहे, ते देते.

एक वाजत आला, स्वयंपाकघरातून खुणा सुरू झाल्या आहेत. खडे टाकल्याला चार तास झाले. रंगाची खालची कड जरा तपकिरी दिसेल, ते चायना ग्रास आणि परमँगनेटचं आपसातलं भांडण आहे, तिकडे लक्ष देऊ नका. दहा वाजताची खूण नळीवर आहे, पट्टी शेजारी ठेवली आहे. जेवायला जाताना ज्याने त्याने मोजून बघा, आणि येईल तोच आकडा फळ्यावर लिहा.